नाक वाढवले, हनुवटी ताणली, तरी अर्कचित्रातला माणूस ओळखू का येत नाही?

अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्याची वैशिष्ट्ये वाढवून काढलेले व्यंगचित्र (कॅरिकेचर), शिकणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. चित्र नेटके झालेले असते, नाक भरपूर वाढवलेले असते, कान पसरलेले असतात, बघणारा हसतोही; पण ‘हे कोण?’ असे विचारले की तो गप्प होतो. नाव सांगितल्यावर ‘हो, नाक आहे खरे तसे’ असे म्हणतो, आणि त्या एका वाक्यावरून चित्र फसल्याचे कळून चुकते. काही महिने नेटाने सराव केल्यावर तक्रारीचे रूप बदलते. आता माणूस ओळखू येतो, पण चित्र कुणा दुसऱ्याच चित्रकाराचे वाटते, किंवा आपण काढलेली सगळी माणसे एकमेकांची सख्खी भावंडे दिसतात.

या दोन वेगळ्या अडचणी आहेत असे समजून पहिलीसाठी जास्त अतिशयोक्ती आणि दुसरीसाठी ‘स्वतःची शैली’ असा इलाज शोधला जातो, आणि दोन्ही इलाज बहुधा लागू पडत नाहीत. माझे मत असे की दोन्हींचे मूळ एकच आहे: डोळ्यांनी चेहरा पुरता पाहण्याआधीच हाताने काय काढायचे ते ठरवून टाकलेले असते. म्हणून पुढे दिलेल्या गोष्टी शक्यतो त्याच क्रमाने तपासाव्यात, कारण आधीचा दोष तसाच ठेवून नंतरचा दुरुस्त करायला गेल्यास मेहनत वाया जाते.

आधी समोरचा फोटो तपासा

रेषेत दोष शोधण्यापूर्वी आपण ज्यावरून चित्र काढतो तो फोटो पाहावा. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याचा मधला भाग कॅमेऱ्याला जवळ आणि कान दूर असतात, त्यामुळे नाक फुगते आणि कान मागे दडतात. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील शल्यचिकित्सक बोरिस पास्कोव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली याचे गणित मांडले; सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी ३० टक्क्यांच्या आसपास जास्त भासते आणि दीड मीटर अंतरावर हा फरक जवळजवळ उरत नाही, असे त्यात दिसले. म्हणजे सेल्फी हे कॅमेऱ्याने काढलेले एक चुकीचे अर्कचित्रच असते, आणि त्यातले नाक आणखी वाढवले की आपण माणसाची नाही, भिंगाची अतिशयोक्ती करतो.

यावर उपाय सोपा आहे. माणूस समोर असेल तर दीड-दोन मीटर मागे जाऊन थोडा झूम करून फोटो घ्यावा, प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा, आणि एकाच फोटोवर विसंबू नये. समोरून, पाऊण बाजूने आणि बोलताना असे निदान तीन फोटो जवळ असावेत. प्रसिद्ध व्यक्ती असेल तर तिच्या भाषणाची किंवा मुलाखतीची चित्रफीत आवाज बंद करून पाहावी. चेहऱ्याची ठेवण स्थिर फोटोत दिसते, पण जिवणी कोणत्या बाजूला आधी उचलली जाते, मान पुढे येते की खांद्यात बसते, हे हालचालीतच कळते, आणि ओळख पटवण्यात या गोष्टींचा वाटा शिकणाऱ्याला वाटतो त्याहून मोठा असतो.

मूळ दोष: अवयव वाढवणे

फोटो निर्दोष असूनही साम्य येत नसेल, तर दहापैकी आठ वेळा कारण एकच सापडते. शिकणारा चेहऱ्यातला एखादा अवयव निवडतो आणि तो मोठा करतो. अर्कचित्रात मात्र वाढवायचा असतो तो सर्वसाधारण चेहऱ्यापासूनचा फरक, आणि हा फरक अवयवात जितका असतो त्याहून जास्त दोन अवयवांमधल्या अंतरात असतो.

ही केवळ चित्रकारांची समजूत नाही. सुसान ब्रेनन यांनी १९८२ साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत संगणकाकडून अर्कचित्र काढून घेणारा प्रोग्रॅम तयार केला. त्याची पद्धत अशी होती की एखाद्या चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू सरासरी चेहऱ्यावरच्या त्याच बिंदूंशी ताडून पाहायचे आणि जिथे जितका फरक असेल तिथे तो सारख्याच पटीने वाढवायचा. सरासरीइतके असलेले नाक त्यात तसेच राहते, आणि सरासरीहून लहान असलेले कपाळ आणखी लहान होते. पुढे १९८७ मध्ये गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान केरी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ओळखीच्या माणसांची अशी अतिशयित रेखाचित्रे लोकांनी हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली. दिशा बरोबर असेल तर अतिशयोक्तीने साम्य वाढते, हा त्यातला आपल्या कामाचा भाग.

दिशा बरोबर येण्यासाठी सरासरी डोक्यात पक्की हवी. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात चेहऱ्याची लांबी बारा अंगुळे धरली आहे आणि कपाळ, नाक व नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतचा भाग यांना प्रत्येकी चार अंगुळे दिली आहेत. आजच्या कलाशाळांत शिकवतात तेही जवळपास हेच: केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत एक भाग, भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा, डोळे संपूर्ण डोक्याच्या उंचीच्या मध्यावर, दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याइतके अंतर. पेन्सिल हात लांब करून धरावी, अंगठ्याने एक भाग मोजावा आणि बाकीचे दोन त्याच्याशी ताडावेत. यात लागणारी दोन मिनिटे कधीही वाचवू नयेत.

या मोजमापाने काय बदलते ते एका चित्रावरून सांगतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनचे अर्कचित्र आणले होते. त्यात नाक बटाट्यासारखे फुगवलेले होते आणि बाकी चेहरा फोटोबरहुकूम होता. सोसायटीत राहणाऱ्या कुणालाच तो वॉचमन वाटत नव्हता. आम्ही फोटो घेऊन मोजायला बसलो. कपाळाचा भाग एकापेक्षा बराच कमी निघाला, नाकाचा भाग जवळजवळ बरोबर एक, आणि नाकाखालचा भाग दीडहून जास्त. दोन डोळ्यांमधले अंतर एका डोळ्याहून स्पष्टपणे कमी होते. नाकाची रुंदी मात्र अगदी सर्वसाधारण होती. डोळे एकमेकांजवळ असल्यामुळे नाक नुसते मोठे भासत होते. नाकाच्या तळापासून वरच्या ओठापर्यंत मिशी मावेल एवढीसुद्धा जागा नव्हती, म्हणजे खालच्या लांब भागातला बहुतेक सगळा वाटा ओठाखालच्या हनुवटीचा होता.

त्या मुलाने मग नाकाला हात लावला नाही. डोळे आणखी जवळ आणले, कपाळ पट्टीएवढे ठेवले, जिवणी उचलून नाकाला जवळजवळ टेकवली आणि खाली हनुवटी मोकळी सोडली. नाक जसेच्या तसे असूनही आता पहिल्या चित्रातल्यापेक्षा ठसठशीत दिसू लागले, आणि वॉचमनच्या हातात कागद दिल्यावर त्यांनी आपली हनुवटी चाचपली. दोन्ही चित्रांतली रेषा सारखीच कच्ची होती. फरक पडला तो फक्त अंतरांचा.

या उदाहरणात आणखी एक नियम दडलेला आहे. डोक्याचा एकूण आकार मर्यादित असतो, त्यामुळे हनुवटी वाढवायची तर कपाळाने जागा सोडली पाहिजे. एक भाग वाढवून बाकीचे तसेच ठेवले की वाढवलेला भाग चिकटवल्यासारखा दिसतो. अमेरिकेतील ‘मॅड’ या विनोदी मासिकासाठी काम केलेले चित्रकार टॉम रिचमंड चेहरा पाच साध्या आकारांचा मानतात: डोके, दोन डोळे, नाक आणि तोंड. हे पाच आकार आणि त्यांच्यातली अंतरे नीट लागली, तर बाकीचा तपशील कमी पडला तरी माणूस ओळखू येतो. मला ही पद्धत शिकणाऱ्यासाठी फार उपयोगी वाटते, फक्त त्यात डोक्याचा आकार सर्वांत आधी ठरवावा.

डोक्याचा नुसता आकार किती काम करतो, याचा दाखला फ्रान्समधल्या एका खटल्यात आहे. राजा लुई फिलिपच्या अवमानाच्या आरोपावरून ‘ला कारिकात्यूर’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाचे संपादक शार्ल फिलिपाँ यांच्यावर नोव्हेंबर १८३१ मध्ये खटला चालला, तेव्हा त्यांनी न्यायालयात चार टप्प्यांचे रेखाटन केले: पहिले राजाच्या चेहऱ्याचे, आणि तिथून पायरीपायरीने नासपतीचे. वर निमुळते कपाळ आणि खाली भरलेली गालफडे एवढ्यावर ओळख टिकून राहिली. फिलिपाँ यांच्यासाठी चित्रे काढणारे ओनोरे दोमिये यांनी त्याच सुमारास संसद-सदस्यांचे छोटे अर्धपुतळे मातीत घडवले. त्यांतले ३६ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. मातीत घडवताना भुवईची एखादी सुबक रेघ उपयोगाची नसते, डोक्याचा घनाकारच पकडावा लागतो. ज्यांचे साम्य वारंवार हुकते त्यांनी एकदा तरी शाडूच्या मातीत एखाद्या ओळखीच्या माणसाचे मूठभर डोके करून पाहावे, असे मी आवर्जून सुचवेन.

सरासरीबद्दल एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. बाजारात मिळणाऱ्या शरीररचनेच्या बहुतेक पुस्तकांतले आदर्श डोके युरोपीय पुतळ्यांवरून आलेले असते. तेच मनात सरासरी म्हणून बसले, तर आपल्याकडच्या बहुतेक माणसांत जे अगदी सर्वसाधारण आहे तेच वेगळे वाटू लागते, आणि आपण सगळ्यांचेच ओठ आणि सगळ्यांच्याच नाकपुड्या वाढवू लागतो. आपली सरासरी आपल्या भोवतालच्या माणसांतून तयार व्हायला हवी. एसटी स्थानकावर, लोकलच्या डब्यात किंवा लग्नाच्या पंगतीत बसून फक्त डोक्यांचे बाह्याकार आणि तीन भागांच्या खुणा एवढेच टिपत गेले, तर महिन्याभरात ‘याचे कपाळ जास्त आहे’ हे न मोजता दिसू लागते.

चष्मा आणि टोपी काढून पाहा

काही चित्रे ओळखू येतात, पण चेहऱ्यामुळे नाही. गोल चष्मा, टक्कल आणि पंचा काढला की कुणाही कृश वृद्धाचे चित्र गांधीजींचे ठरते. चौकोनी छोटी मिशी आणि गोल हॅट घातली की कुणीही चॅप्लिन होतो. या खुणा वापरण्यात गैर काही नाही. व्यंगचित्रकाराला वाचकापर्यंत क्षणात पोहोचायचे असते, आणि वृत्तपत्रात त्यांचा आधार घ्यावाच लागतो. शिकताना मात्र त्या दोष झाकतात. म्हणून चित्र पूर्ण झाल्यावर चष्मा, टोपी, दाढी, कुंकू, पगडी यांवर कागदाचा तुकडा ठेवून उरलेला चेहरा ओळखू येतो का ते पाहावे. येत नसेल तर मागच्या मोजमापाकडे परत जावे. गांधीजींच्या बाबतीत पुढे आलेले कान, दात नसल्याने आत गेलेली जिवणी आणि तिच्यामुळे वर उचललेली वाटणारी हनुवटी एवढ्यावर चष्म्याशिवाय ओळख पटवता येते, आणि हा सराव म्हणून उत्तम आहे.

भिडेपोटी फसलेले चित्र

घरच्या माणसाचे, वरिष्ठांचे किंवा लग्नसमारंभात समोर येऊन बसलेल्या अनोळखी पाहुण्यांचे चित्र काढताना हात आखडतो. नाक लांब आहे हे दिसत असते, पण समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ते थोडे कमी केले जाते, हनुवटी थोडी सुधारली जाते, आणि मग अतिशयोक्तीच्या नावाखाली उगाच डोके मोठे आणि धड छोटे काढले जाते. असा चेहरा सरासरीकडे सरकलेला असतो, म्हणजे अर्कचित्राच्या बरोबर उलट दिशेला. तो ओळखू येणार नाही हे उघड आहे.

इथे धीटपणाचा उपदेश करून काही साधत नाही, कारण समोरच्याला दुखवू नये ही भावना योग्यच आहे. ज्या गोष्टींवरून माणसाला आयुष्यभर चिडवले गेले असण्याची शक्यता आहे, म्हणजे व्यंग, व्रण, त्वचेचा रंग, त्या वाढवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. साम्यासाठी त्यांची गरजही नसते. त्याऐवजी अतिशयोक्तीचा भार हसण्यावर, केसांच्या एकूण आकारावर, मान धरण्याच्या लकबीवर आणि बसण्याच्या ढबीवर टाकावा. हसताना डोळे पूर्ण मिटणारा माणूस तसाच काढला तर त्याला आनंदच होतो, आणि त्याच्या घरचे लोक तो लांबून ओळखतात. समारंभात पाच मिनिटांत एक चित्र द्यायचे असेल तेव्हा पहिले मिनिटभर पेन खाली ठेवून त्या व्यक्तीशी बोलावे. फोटोसाठी धरलेला चेहरा सुटतो आणि खरा चेहरा दिसतो.

पेन्सिलीत जिवंत, शाईत निर्जीव

ही अडचण साम्याची वाटते, पण ती हाताच्या वेगाची आहे. कच्च्या रेखाटनात माणूस दिसत असतो आणि शाई लावल्यावर तो निघून जातो, कारण पेन्सिलीची रेषा शोध घेत मारलेली असते आणि शाईची रेषा तिच्यावरून जपून गिरवलेली असते. गिरवताना डोळा चेहऱ्याकडे नसतो, खालच्या रेघेकडे असतो. रेषेची जाडी सर्वत्र सारखी होते, वळणे गुळगुळीत होतात आणि कोपरे हरवतात.

यासाठी पेन्सिलीत फक्त जागा ठरवाव्यात आणि आकार पूर्ण करू नयेत. जबडा कुठून कुठे जातो त्याचे तीन बिंदू पुरेत. त्यांना जोडणारी रेषा प्रथमच शाईत मारली जाऊ द्यावी. चेहऱ्याचे मोठे आकार खांद्यापासून हात हलवून काढावेत, डोळ्यांचे कोपरे तेवढे बोटांनी. कागद फिरवायला संकोचू नये. टाकाची निब दाबल्यावर फाकते आणि रेषा जाड होते, ब्रश त्याहून जास्त प्रतिसाद देतो, जेल पेन काहीच देत नाही. म्हणून निर्जीव रेषेची तक्रार असलेल्याने काही काळ जेल पेन बाजूला ठेवून साधा तीन नंबरचा गोल ब्रश आणि जलरोधक काळी शाई वापरावी. कागद शाई न फुटणारा, जरा जाड कार्ट्रिज असला की झाले. टॅब्लेटवर काढणाऱ्यांनी रेषा आपोआप सरळ करणारी सोय, म्हणजे स्टॅबिलायझर, कमीत कमी ठेवावी, आणि चेहरा ओढून-ताणून बदलणाऱ्या लिक्विफायपासून शिकण्याच्या काळात लांब राहावे. फोटो ताणून मिळालेला आकार डोळ्यांना पटतो, पण तो कशामुळे पटला हे हाताला कळत नाही, आणि पुढच्या चेहऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काड्यापेटीच्या आकाराची दहा-बारा रेखाटने आधी करण्याची सवयही याच ठिकाणी कामी येते. इतक्या लहान जागेत पापण्या काढताच येत नाहीत, त्यामुळे डोक्याचा आकार आणि अंतरे यांचाच विचार होतो. पहिली तीन-चार जवळजवळ नेहमी भित्री असतात. पुढची काही मुद्दाम मर्यादेपलीकडे न्यावीत, कारण साम्य कुठे तुटते ते पाहिल्याशिवाय किती ताणता येईल याचा अंदाज येत नाही, आणि मग त्या दोन टोकांमधले एक निवडून मोठे करावे.

सगळे चेहरे भावंडांसारखे दिसतात

दोष नेमका शोधण्यासाठी आपली जुनी दहा चित्रे काढून त्यांतले फक्त डोळे दिसतील अशी बाकी झाकावीत. बहुतेकांना दहाही ठिकाणी एकच डोळा सापडतो: बदामाचा आकार, वर जाड पापणी, मध्ये पांढरा ठिपका. हा डोळा कधीतरी कुठूनतरी शिकलेला असतो आणि चेहरा कुणाचाही असो, हात तोच काढतो. ओठ आणि कान यांचेही असेच होते. उपाय असा की महिनाभर डोळा हा अवयव म्हणून काढूच नये. वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू नाकाकडे आहे की कानाकडे, खालची पापणी सरळ आहे की लोंबती, बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा वर आहे की खाली, या तीन प्रश्नांची उत्तरे तेवढी टिपावीत. फोटो उलटा ठेवून काढल्यास याला मदत होते, कारण उलट्या चेहऱ्यात आपल्याला ‘डोळा’ दिसण्याऐवजी नुसते आकार दिसतात.

उसन्या शैलीची अडचण

इथपर्यंतचे दोष दूर झालेल्याला पुढचा प्रश्न सतावतो: चित्र चांगले आहे, पण ते माझे वाटत नाही. यावर ‘नक्कल करू नका’ असे सरसकट सांगितले जाते. ते मला चुकीचे वाटते, आणि आपल्याच मातीतले उदाहरण त्याविरुद्ध आहे. आर. के. लक्ष्मण लहानपणी ‘द हिंदू’त येणारी ब्रिटनमधले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांची व्यंगचित्रे पाहत वाढले. बाळ ठाकरे यांच्यावरही लो यांचाच प्रभाव होता. दोघांनी मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काम केले, दोघांच्या हातात ब्रश होता. तरीही दोघांचे एकेक चित्र सही झाकून समोर ठेवले तर कोणते कुणाचे हे सांगायला वाचकाला क्षणही लागत नाही. ठाकरे यांचे फटकारे मोजके आणि ठळक असून सारा भर चेहऱ्यावर आणि देहबोलीवर असतो, तर लक्ष्मण यांच्या चौकटीत फायलींचे ढीग, खुर्च्या, पंखे, पडकी भिंत, कोपऱ्यातला चौकडीच्या कोटातला सामान्य माणूस अशी सगळी वस्ती असते. उगम एक असूनही रेषा वेगळी झाली, कारण प्रत्येकाला चित्रातून सांगायचे होते ते वेगळे होते, आणि त्या गरजेपोटी काय ठेवायचे व काय गाळायचे याचे निर्णय वर्षानुवर्षे तसेच घेतले गेले.

शैलीची मला सापडलेली सर्वांत उपयोगी व्याख्या हीच आहे: वारंवार घेतलेले, स्वतःच्या कारणांनी घेतलेले, गाळण्याचे निर्णय. अमेरिकेत अल हर्शफेल्ड नाट्यगृहाच्या अंधारात बसून टिपणे करीत. नंतर कागदावर उतरलेल्या त्या नटांत सावली नाही, रेघांची जाळी नाही, फक्त वाहती रेषा आहे. डेव्हिड लेव्हाइन यांनी १९६३ पासून ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’साठी लेखक-विचारवंतांची चित्रे काढली, त्यांत मोठे डोके, लहान धड आणि शाईच्या बारीक रेघांची दाट जाळी आहे, कारण त्यांना चेहऱ्याचे वजन आणि वार्धक्य दाखवायचे होते असे ती चित्रे पाहताना जाणवते. मारिओ मिरांडा यांना गर्दी आवडे. मुंबईच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरच्या त्यांच्या चित्रांत एकही चेहरा बाजूला काढून पाहावा असा नाही, सगळे मिळूनच शहर होते. शि. द. फडणीस यांनी शब्द गाळले. वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते, आणि त्यांच्या चौकटीतला माणूस जिथे उभा आहे ती जागा इतकी पक्की का वाटते, याचे उत्तर मला तिथे दिसते.

तेव्हा नक्कल करावी, पण प्रश्न विचारत करावी. आवडत्या चित्रकाराचे एक चित्र समोर ठेवून, शक्य असल्यास ज्याचे ते चित्र आहे त्या व्यक्तीचा फोटोही शेजारी ठेवून, त्याने काय गाळले याची यादी करावी. लेव्हाइन यांची जाळी उचलणे सोपे आहे. ती त्यांनी कुठे थांबवली आणि कोणती जागा कोरी ठेवली हे शोधणे अवघड आहे, आणि उपयोग त्याचाच आहे. उसनी शैली नेमकी कुठे नडते तेही यातूनच कळते. एखाद्या चेहऱ्यात जे आपण पाहिलेले नाही, त्याच्या जागी दुसऱ्याने पूर्वी दुसऱ्याच चेहऱ्यासाठी काढलेले उत्तर आपण बसवतो. त्यामुळे उसनेपण बहुधा आपल्या सर्वांत कमी पाहिलेल्या भागात, म्हणजे कान, हात, कपड्यांच्या घड्या आणि मानेत आधी दिसते. तेच भाग निवडून प्रत्यक्ष माणसांवरून काढले की ते आपोआप कमी होते.

दुसरा उपाय साधनांच्या मर्यादेचा आहे. आज एकाच टॅब्लेटवर शेकडो ब्रश मिळतात आणि शिकणारा दर आठवड्याला रेषा बदलतो, त्यामुळे कोणतीच सवय मुरत नाही. निदान सहा महिने एकच साधन, एकच आकाराचा कागद आणि केवळ काळा रंग असा नेम करावा. त्या साधनाला जे जमत नाही त्याभोवती वाट काढताना जे निर्णय घ्यावे लागतात, ते आपले असतात.

तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोनवर बोलताना, सभेत कंटाळून, वहीच्या समासात आपण नकळत जे चेहरे काढतो, ते जपून ठेवावेत. त्यात कुणाला खूश करायचे नसते. काहींच्या समासातली माणसे सगळी टोकदार असतात, काहींची गोल आणि बुटकी, काहींना फक्त पाठमोरी माणसे काढायला आवडतात. हा आपल्या हाताचा स्वाभाविक कल असतो, आणि ‘नीट’ चित्र काढायला बसल्यावर तोच आपण दाबून टाकतो. पुढचे अर्कचित्र त्या कलाने काढून पाहावे. मोजमाप चुकलेले नसेल, तर साम्य टिकते, आणि रेषेत जो मोकळेपणा येतो तो इतर कोणत्याही मार्गाने येताना मी पाहिलेला नाही.

तपासणी कशी करावी

चित्र तयार झाल्यावर त्या माणसाला ओळखणाऱ्या, पण चित्र कुणाचे आहे हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीला ते दाखवावे आणि काही न बोलता थांबावे. नाव लगेच आले तर काम झाले. ती व्यक्ती क्षणभर थांबून नाव सांगत असेल, तर बहुधा एखादे अंतर सरासरीकडे राहिलेले असते. दुसऱ्याच कुणाचे नाव घेतले गेले तर ते उत्तर फार मोलाचे आहे: त्या दुसऱ्या माणसाचा फोटो शोधून दोन चेहरे शेजारी मोजावेत, म्हणजे कोणता फरक वाढवायचा राहून गेला तो नेमका हाती लागतो. कुणी विचारायला नसेल तर चित्र आरशात पाहावे किंवा आठवडाभर पालथे घालून ठेवावे.

आणि प्रत्येक चित्रावर तारीख घालावी. सहा महिन्यांनी तोच चेहरा जुने चित्र न पाहता, शक्य तर फोटोही न पाहता, आठवणीने पुन्हा काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. दोन्हींत सारखे गाळलेले जे सापडेल ते वहीत लिहून ठेवावे, आणि दुसऱ्यात नव्याने गळलेले जे असेल त्यावर पुढच्या चेहऱ्याला लक्ष ठेवावे.